रोबोला मेंदू किती?

पांढऱ्या फ्लेक्सवर काळी चिकटपट्टी लावून वळणावळणाचा रस्ता तयार केलेला असतो. तळहाताएवढी, दोन चाकांची एक गाडी त्यावर सोडली की ती पट्टी न सोडता शेवटपर्यंत जाते. ‘लाइन फॉलोअर’ या नावाने ओळखला जाणारा हा रोबो पुण्यातल्या अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुले करतात. त्याच्या बाबतीत एक कोडे हमखास पडते. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली बिनचूक धावणारी गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी खिडकीजवळच्या उन्हात आणली की पट्टी सोडून भलतीकडेच जाते. प्रोग्रॅम तोच, बॅटरी भरलेली, चाकेही ठीक. मग बिघडते काय?

असे झाले की पहिला संशय गाडीच्या ‘मेंदू’वर, म्हणजे तिच्यातल्या प्रोसेसरवर जातो आणि आणखी ताकदीचा बोर्ड आणण्याचे बेत सुरू होतात. खरे कारण बहुधा दुसरीकडेच असते. ते कळण्यासाठी रोबोतले कोणते भाग काय काम करतात, आणि कुठे चुकतात, हे क्रमाने पाहावे लागते.

जाणणे, ठरवणे, करणे

लक्ष्मी रस्त्यावरच्या गर्दीतून दुचाकी चालवणारा माणूस सतत तीन कामे करत असतो. समोर काय आहे ते पाहतो, थांबायचे की वळायचे ते ठरवतो आणि ब्रेक दाबतो किंवा हँडल वळवतो. पुढच्याच क्षणी परिस्थिती बदललेली असते, म्हणून तो पुन्हा पाहतो. रोबोतही हेच चक्र फिरते. पाहण्याचे काम सेन्सर करतात, ठरवण्याचे काम प्रोसेसर करतो आणि हालचाल मोटर घडवतात. साध्या लाइन फॉलोअरमध्ये हे चक्र सेकंदाला शेकडो वेळा पूर्ण होते.

या चक्रात एक भाषांतरही दडलेले असते. उजेड, आवाज, उष्णता या गोष्टी सलग, थोड्याथोड्याने बदलतात; प्रोसेसरला मात्र फक्त आकडे कळतात. बरेच सेन्सर जे जाणवेल त्याचे रूपांतर कमीजास्त व्होल्टेजमध्ये करतात. मग ‘अॅनालॉग-डिजिटल परिवर्तक’ नावाची यंत्रणा त्या व्होल्टेजचा आकडा करते. डोंगराच्या उतारावर माणूस कोणत्याही उंचीवर उभा राहू शकतो. पर्वतीच्या पायऱ्यांवर मात्र तो एकतर या पायरीवर असतो, नाहीतर त्या. परिवर्तक उताराच्या पायऱ्या करतो. आर्डुइनो उनो या लोकप्रिय बोर्डावर शून्य ते ५ व्होल्टच्या १०२४ पायऱ्या होतात, म्हणजे एक पायरी सुमारे ५ मिलिव्होल्टची. त्याहून लहान बदल झाला, तर या बोर्डाला त्याचा पत्ताही लागत नाही.

तबलजी आणि गवई

आता ठरवण्याच्या कामाकडे. पुण्यात सी-डॅक या संस्थेने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार केला. सेकंदाला सुमारे १ अब्ज गणिते ही त्याची कमाल क्षमता होती. आज खिशात मावणारा रास्पबेरी पाय हा संगणक त्याच्या कित्येक पट वेगाने गणिते करतो. एवढी ताकद एका बोर्डावर मिळत असताना रोबोचे सगळे काम तिच्यावरच का सोपवू नये?

अडचण वेगाची नसून वेळ पाळण्याची आहे. रास्पबेरी पायवर लिनक्स ही कार्यप्रणाली चालते. ती एकाच वेळी वाय-फाय सांभाळते, मेमरी कार्डावर लिहिते, पडदा रंगवते. मोटरला सूचना देण्याची पाळी कधी वेळेवर येते, कधी काही मिलिसेकंद उशिरा. पत्र टाइप करताना हा उशीर कोणाच्या लक्षातही येणार नाही. दोन चाकांवर तोल सांभाळणारा रोबो मात्र तेवढ्यात कलंडू शकतो.

अशा ठिकाणी मायक्रोकंट्रोलर कामी येतो. एकाच चिपमध्ये छोटा प्रोसेसर, थोडी मेमरी आणि बाहेरच्या तारा जोडायच्या पिना असा हा ऐवज असतो. इटलीतल्या इव्रेआ गावात २००५ मध्ये जन्मलेल्या आर्डुइनोच्या उनो बोर्डावर जी चिप असते, तिचे घड्याळ सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके देते आणि तात्पुरती मेमरी फक्त २ किलोबाइट असते. मोबाइलच्या मानाने ही क्षमता अगदी मामुली. पण या चिपला दुसरे व्यवधान नसते. प्रोग्रॅम नीट लिहिलेला असेल तर दर मिलिसेकंदाला अमुक काम करायचे म्हटले की ती ते दर मिलिसेकंदाला करते.

सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपात गवई आलापी करताना हवा तेवढा वेळ घेतो, एखादी जागा सापडेपर्यंत थांबतो. तबलजीला ती मुभा नाही. ठेका चुकला की सारे कोसळले. रोबोतला मोठा संगणक गवयाच्या जागी असतो आणि मायक्रोकंट्रोलर तबलजीच्या. कुठे जायचे, समोर दिसते ती खुर्ची आहे की माणूस, असे विचाराचे काम पहिल्याकडे. चाके ठरल्या वेगाने फिरतात की नाही ते सतत तपासणे दुसऱ्याकडे. दोघांमध्ये एखादी यूएसबी केबल असते आणि तिच्यावरून ‘डावीकडे वळ’, ‘वेग निम्मा कर’ अशा थोडक्या सूचना जातात. शीर्षकातल्या प्रश्नाचे उत्तर इथे मिळते. लाइन फॉलोअरला एक मेंदू पुरतो. खोलीचा नकाशा करत फिरणाऱ्या रोबोला निदान दोन लागतात, आणि यांत्रिक हाताच्या प्रत्येक सांध्यालाही अनेकदा स्वतंत्र मायक्रोकंट्रोलर दिलेला असतो.

मोठ्या मेंदूची खरी गरज कॅमेरा जोडला की कळते. ६४० गुणिले ४८० ठिपक्यांच्या एका रंगीत चित्राला सुमारे ९ लाख २० हजार बाइट लागतात. उनोच्या मेमरीच्या ही जागा ४५० पट आहे, म्हणजे त्यात एक चित्रसुद्धा मावत नाही. सेकंदाला ३० चित्रे आली तर माहितीचा लोंढा २७ मेगाबाइटांच्या पुढे जातो. त्यातून माणूस किंवा खड्डा ओळखायचा तर एकाच प्रकारची असंख्य छोटी गणिते एकदम करणारी चिप हवी. २०१९ मध्ये आलेल्या जेटसन नॅनो या बोर्डावर अशी गणिते करणारे १२८ गाभे आहेत. ‘परम ८०००’ मध्येही अनेक लहान प्रोसेसरांना एकत्र जुंपून काम वाटून दिलेले होते. वाटणीची ती कल्पना आता एका चिपच्या आत आली आहे.

प्रतिध्वनीची फूटपट्टी

समोरचा अडथळा किती दूर आहे, हे कळण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे दोन गोल डोळ्यांसारखा दिसणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर. एक डोळा खरे तर तोंड असते आणि दुसरा कान. तोंडातून सेकंदाला ४० हजार कंपने असलेल्या आवाजाच्या आठ लहरी बाहेर पडतात. माणसाला सुमारे २० हजार कंपनांपर्यंतच ऐकू येते, त्यामुळे हा आवाज कळत नाही. आवाज अडथळ्यावर आपटून परत येतो आणि त्याला लागलेला वेळ मायक्रोकंट्रोलर मोजतो.

हवेत आवाज २० अंश तापमानाला सेकंदाला ३४३ मीटर जातो. भिंत १ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन २ मीटर होतात आणि त्यांना सुमारे ५.८ मिलिसेकंद लागतात. वेळेला वेगाने गुणून दोनाने भागले की अंतर मिळते. डोंगरातल्या घळीत हाक मारून प्रतिसादाची वाट पाहण्याचाच हा प्रकार आहे.

पण हवा गरम झाली की आवाज जलद जातो, दर अंशाला सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने. पुण्यातली जानेवारीची १२ अंशांची पहाट आणि एप्रिलमधली ४० अंशांची दुपार यांत आवाजाचा वेग जवळजवळ ५ टक्क्यांनी बदलतो. हिवाळ्यात जुळवलेला रोबो उन्हाळ्यात २ मीटरवरच्या भिंतीच्या अंतरात १० सेंटिमीटरची चूक करू शकतो. शिवाय जाड पडदा किंवा गादी आवाज गिळून टाकते, आणि तिरकी भिंत तो भलतीकडे परतवते. अशा वेळी समोर काहीच नाही, असा रोबोचा समज होतो.

लायडार हेच काम लेसरच्या उजेडाने करतो. उजेडाला २ मीटर जायला सेकंदाच्या १०० कोटी भागांपैकी जेमतेम ७ भाग लागतात, म्हणून वेळ मोजणारी यंत्रणा फार सूक्ष्म आणि महाग लागते. बरेच स्वस्त लायडार वेळ न मोजता परतलेला किरण कोणत्या कोनातून आला ते पाहतात आणि त्यावरून अंतर काढतात. सेन्सर गोल फिरवला की खोलीचा आराखडाच तयार होतो. काच मात्र त्याला चकवते, कारण उजेड तिच्यातून आरपार जातो. आवाज काचेवरूनही परततो. त्यामुळे काचेची दारे असलेल्या इमारतीत फिरणाऱ्या रोबोवर दोन्ही सेन्सर लावणे शहाणपणाचे ठरते.

उन्हात हरवलेली पट्टी

लाइन फॉलोअरच्या पोटाखाली इन्फ्रारेड सेन्सरांची रांग असते. प्रत्येक सेन्सरमध्ये न दिसणारा अवरक्त उजेड सोडणारा एक दिवा आणि तो टिपणारा एक घटक असतो. पांढऱ्या फ्लेक्सवरून पुष्कळ उजेड परततो, काळ्या पट्टीवरून फार थोडा. मिळालेला आकडा एका ठरवलेल्या मर्यादेच्या वर गेला तर खाली पांढरे, खाली राहिला तर काळे, असा सरळ हिशेब.

सूर्यप्रकाशात अवरक्त उजेड भरपूर असतो. ट्यूबलाइटमध्ये तो नगण्य. खिडकीतून ऊन आले की काळ्या पट्टीवरूनही एवढा उजेड टिपला जातो की आकडा मर्यादा ओलांडतो. पट्टी जागेवरच असते, पण सेन्सरच्या लेखी सगळीकडे पांढरे. जुना पिवळा बल्ब जवळ लावला तरी हीच फजिती होते. प्रोसेसर आपले गणित अचूकच करत असतो. त्याला मिळालेली खबर चुकीची असते.

यावर तीन उपाय आहेत. सेन्सरभोवती आडोसा करता येतो. दिवा बंद ठेवून एक मोजमाप आणि लावून दुसरे घेतले, तर दोहोंची वजाबाकी म्हणजे निव्वळ स्वतःच्या दिव्याचा उजेड. तिसरा उपाय टीव्हीच्या रिमोटमध्ये वापरलेला आहे. रिमोटचा दिवा बहुधा सेकंदाला ३८ हजार वेळा उघडझाप करतो आणि टीव्ही तेवढ्याच तालातला उजेड ओळखतो. म्हणून भर दुपारी, उजेडाच्या खोलीतही चॅनेल बदलते.

स्वतःचे भान

बाहेरचे जग कळले तरी आपण किती चाललो आणि किती कललो, हेही रोबोला कळावे लागते. चाकाचे फिरणे मोजण्याचे काम एन्कोडर करतो. मोटरच्या दांड्यावर खाचा असलेली चकती बसवतात आणि खाचांमधून जाणारा उजेड मोजतात. नवशिक्यांच्या गाडीत चाकाचा व्यास बहुधा ६५ मिलिमीटर आणि चकतीला २० खाचा असतात. चाकाचा परिघ सुमारे २०४ मिलिमीटर, म्हणजे एक खाच पुढे सरकली की गाडी साधारण १ सेंटिमीटर पुढे गेली. गुळगुळीत फरशीवर चाक जागच्या जागी फिरले, तरी एन्कोडर ते अंतर जमेस धरतो. अशा लहान चुका साठत जातात आणि खोलीला चार फेऱ्या मारल्यावर रोबो स्वतःला भलत्याच कोपऱ्यात समजतो.

कल कळण्यासाठी नखाएवढ्या चिपमध्ये दोन यंत्रणा असतात. त्वरणमापी गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखतो. मोबाइल आडवा केल्यावर चित्र आडवे होते ते त्याच्यामुळेच. धक्के बसले की मात्र तो गोंधळतो. दुसरा भाग गायरोस्कोप. किती वेगाने वळणे चालू आहे ते तो सांगतो, आणि ती वळणे जोडत गेले की एकूण किती वळलो ते कळते. तो धक्क्यांना डगमगत नाही, पण त्याच्या हिशेबात मिनिटागणिक थोडीथोडी चूक मिसळत राहते.

भिंतीवरचे जुने घड्याळ रोज मिनिटभर पुढे जात असले तरी घरात निभावते, कारण रोज कोणीतरी ते आकाशवाणीच्या वेळेशी जुळवून घेते. रोबोतही असेच करतात. क्षणाक्षणाच्या हालचालीसाठी गायरोस्कोपवर विसंबतात आणि त्याचा कल सावकाश त्वरणमापीच्या आकड्याकडे ओढत राहतात. दोन अपुऱ्या साक्षीदारांच्या जबान्या जुळवून खरी हकिकत काढण्याच्या या रीतीला ‘सेन्सर फ्यूजन’ म्हणतात. उडत्या ड्रोनचा तोल तिच्यावरच टिकतो.

हुकूम आणि ताकद

मायक्रोकंट्रोलरच्या एका पिनेतून २० मिलिअँपिअरच्या आसपासच वीज घ्यावी. त्यात छोटा एलईडी दिवा पेटतो. खेळण्यातल्या मोटरलाही सुरू होताना शेकडो मिलिअँपिअर लागतात. मोटर थेट पिनेला जोडली तर चिप जळू शकते. म्हणून मध्ये मोटर ड्रायव्हर बसवतात. खडकवासल्याच्या कालव्याचे दार एका माणसाच्या हाताने फिरवता येते, पण पाणी वाहते ते धरणाच्या जोरावर. पिनेचा हुकूम हे चाक फिरवणे आणि बॅटरी हे धरण. बाजारात सर्रास मिळणाऱ्या एल२९८ या जुन्या ड्रायव्हरमध्ये सुमारे २ व्होल्ट वाया जातात. ६ व्होल्टची बॅटरी लावून मोटर मरगळलेली वाटते, त्याचे हे एक कारण.

वेग कमी करण्यासाठी मोटरची वीज सेकंदाला शेकडो किंवा हजारो वेळा चालू-बंद करतात. निम्मा वेळ चालू ठेवली की मोटरला सरासरी निम्मेच व्होल्टेज मिळते.

घरात मिक्सर सुरू करताच दिवा क्षणभर मंदावतो. मोटर सुरू होताना रोबोची बॅटरीही तशीच दबते. व्होल्टेज मर्यादेखाली गेले की मायक्रोकंट्रोलर बंद होऊन पहिल्यापासून सुरू होतो आणि गाडी दर थोड्या वेळाने झटका देऊन थांबते. यात दोष प्रोग्रॅमचा नसतो. मोटर आणि मेंदू यांना वेगळा वीजपुरवठा देऊन दोन्हींची ऋण तार मात्र एकत्र जोडली की बहुधा हा त्रास संपतो.

दिघी आणि बालेवाडी

कोणता मेंदू कुठे ठेवायचा, याची दोन टोकाची उदाहरणे पुण्यातच सापडतात. दिघी येथील डीआरडीओच्या अभियांत्रिकी प्रयोगशाळेने बॉम्ब निकामी करण्यासाठी ‘दक्ष’ हा रोबो विकसित केला. लष्कराने आधी २० नगांची मागणी नोंदवली आणि पहिले पाच रोबो डिसेंबर २०११ मध्ये सुपूर्द झाले. दक्ष जिना चढतो, संशयित वस्तूची क्ष-किरण तपासणी करतो, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने बॉम्ब निकामी करतो. त्याचे नियंत्रण सुमारे ५०० मीटर दूर बसलेल्या माणसाकडे असते. कॅमेरे रोबोवर, निर्णय माणसाचा. स्फोटकाशी गाठ असताना चुकीचा अंदाज परवडत नाही, म्हणून ही वाटणी.

दुसरे टोक बालेवाडीचे. तिथल्या क्रीडासंकुलात २४ ऑगस्ट २०१४ रोजी आशिया-पॅसिफिक देशांतल्या विद्यार्थ्यांची ‘एबीयू रोबोकॉन’ ही स्पर्धा झाली. त्या वर्षीचा विषय पालकत्व हा होता. पालक रोबो माणसाने चालवायचा. बाल रोबो मात्र पूर्णपणे स्वयंचलित हवा. त्याने सी-सॉ आणि झोपाळा खेळायचा, खांबांवरून पावले टाकायची, जंगल जिमवर चढायचे. इथे रिमोट नसल्याने पाऊल खांबावर टेकले की नाही, हे बाल रोबोला स्वतःच्याच सेन्सरांनी कळणे भाग होते.

अशा कामासाठी लागणारे मायक्रोकंट्रोलर भारतात बहुतांशी बाहेरून येतात. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने ‘रिस्क-फाइव्ह’ या खुल्या आराखड्यावर ‘वेगा’ ही देशी प्रोसेसरांची मालिका तयार केली आहे. तिच्यातली ‘तेजस ३२’ ही १०० मेगाहर्ट्झची चिप आर्डुइनोच्या धर्तीच्या ‘एरीज’ बोर्डांवर बसवलेली असते.

चौकट : खरेदीला निघण्यापूर्वी

- रोबोने काय जाणायचे, ते आधी लिहावे; सेन्सर त्यावरून ठरतात.
- ऊन, काच, पडदे, गुळगुळीत फरशी यांपैकी काय वाटेत येणार, ते पाहावे.
- कॅमेरा नसेल तर बहुधा एक मायक्रोकंट्रोलर पुरतो. असेल तर दोन मेंदू धरावेत.
- मोटर सुरू होताना किती वीज ओढते ते पाहून ड्रायव्हर आणि बॅटरी निवडावी.
- महत्त्वाच्या गोष्टीसाठी वेगवेगळ्या तत्त्वांवर चालणारे दोन सेन्सर लावावेत.

बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत यांपैकी बराचसा माल मिळतो आणि तिथे गेल्यावर सर्वांत मोठा बोर्ड घेण्याचा मोह होतो. उन्हात पट्टी सोडणाऱ्या लाइन फॉलोअरला मात्र त्याचा काही उपयोग नाही. सेन्सरभोवती काळ्या पुठ्ठ्याची दोन बोटे रुंद झालर लावली की अनेकदा तोच जुना बोर्ड, तोच प्रोग्रॅम दुपारीही पट्टी धरून चालतो.